गच्चीवरून दीर्घिका टिपताना: वाचकांचे प्रश्न

मुंबईच्या उपनगरांतून दीर्घिकांचे फोटो काढणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. (एम आणि एनजीसी हे खगोलवस्तूंच्या दोन याद्यांतले क्रमांक.)

प्रश्न: एम १०१ या दीर्घिकेवर तीन रात्री मिळून पाच तास खर्च केले. ८० मिमीची दुर्बीण आहे, माउंट (दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारा आधार) तारे नीट धरून ठेवतं. यादीत एम १०१ ची प्रत ७.९ आहे आणि एम १०४ ची ८.०, म्हणजे दोघी जवळपास सारख्याच तेजस्वी. तरी एम १०४ दीड तासात छान उमटली आणि एम १०१ चा मधला ठिपका तेवढा आला. कुठे चुकतंय? (कांदिवली)

उत्तर: फोटो काढताना काही चुकलं नाही, निवड चुकली. यादीतली प्रत म्हणजे अख्ख्या दीर्घिकेचा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर किती भरेल त्याचा आकडा. तो प्रकाश किती जागेवर पसरलाय, हे त्यातून कळत नाही. एम १०४ साधारण ९ बाय ४ आर्कमिनिटांत मावते (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा). एम १०१ पसरली आहे २९ बाय २७ आर्कमिनिटांवर, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या जागेत. तेवढाच प्रकाश वीसपट जागेवर पसरलेला. तूप तेवढंच, पण एका पोळीला लावायचं की वीस पोळ्यांना, हा फरक आहे.

आता उपनगरातलं आकाश बघा. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश मंद, हे ध्यानात ठेवा. कांदिवली, मुलुंड, ठाणे या पट्ट्यात आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस आर्कसेकंदाला १८ व्या प्रतीच्या आसपास धरता येते. खऱ्या काळोख्या जागी ती २२ च्या जवळ असते. दीर्घिकेचे बाहेरचे बाहू २३ व्या प्रतीचे धरले, तर इथल्या आकाशात आणि त्यांच्यात पाच प्रतींचं अंतर पडतं. पाच प्रती म्हणजे बरोबर १०० पट. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर आकाशाचे १०० फोटॉन पडले, तर बाहूचा त्यात एक असतो. हा एक टक्का लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांत तो पुन्हा येणार आहे.

म्हणून सुरुवात आटोपशीर आणि घट्ट दीर्घिकांपासून करावी. सगळ्यात आधी एम ८२. ती सिगारसारखी लांबट आहे, तिचा पृष्ठभाग तेजस्वी आहे, आणि मधली धुळीची काळी चीर उपनगरातूनही येते. शेजारी ३७ आर्कमिनिटांवर एम ८१ असल्यामुळे दोघी एका चौकटीत बसतात. सप्तर्षीतली ही जोडी मुंबईहून जास्तीत जास्त ४० अंशच वर येते, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये ती उत्तरेला याम्योत्तर (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडते त्या दोन-तीन तासांतच फोटो घ्या. त्यानंतर एम १०४, ती ५९ अंशांवर येते. मग एम ५१, एम ६५ आणि एम ६६. पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरच्या आसपास एनजीसी २५३. एम १०१ आणि एम ३३ गच्चीवरून शेवटी घ्याव्यात, किंवा त्यांच्यासाठी अमावास्येच्या आसपास वांगणी-मुरबाडच्या बाजूला जावं. तीन प्रतींनी काळोखं आकाश मिळालं, तर तिथला एक तास इथल्या सोळा तासांच्या तोडीचा ठरतो.

प्रश्न: प्रकाशप्रदूषणावर फिल्टर घ्यायचा आहे. तेजोमेघांसाठी मित्राने दोन पट्ट्यांचा नॅरोबँड फिल्टर घेतला आणि त्याचे मृगातल्या तेजोमेघाचे फोटो डोंबिवलीतूनही फार सुंदर आले. दीर्घिकांसाठी तोच घ्यावा का? (डोंबिवली)

उत्तर: घेऊ नका. मृगातला तेजोमेघ म्हणजे तापलेला वायू. त्याचा प्रकाश ठरावीक रेषांतच येतो, त्यांत हायड्रोजन-अल्फाची ६५६.३ नॅनोमीटरची आणि ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची या दोन मुख्य. फिल्टर तेवढ्या रेषा आत सोडतो आणि बाकी सगळं अडवतो, म्हणून शहरातही काम होतं. दीर्घिका ही मात्र अब्जावधी ताऱ्यांची बेरीज आहे, आणि ताऱ्यांचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला असतो. अरुंद फिल्टरने आकाशाबरोबर दीर्घिकाही जवळजवळ तितकीच कापली जाते.

मग जुने सीएलएस प्रकारचे, प्रकाशप्रदूषण रोखणारे फिल्टर का चालायचे? रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते आणि त्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असायचा. तेवढा भाग कापला की आकाश काळं व्हायचं. आता बहुतेक रस्त्यांवर पांढरे एलईडी आलेत. त्यांचा प्रकाश ४५० नॅनोमीटरला एक उंचवटा घेऊन पुढे हिरव्या-पिवळ्यापासून लालपर्यंत पसरतो. दीर्घिकेचा प्रकाशही त्याच पट्ट्यात आहे, मग फिल्टरने कापायचं काय? फायदा अगदी थोडा होतो आणि ताऱ्यांचे रंग मात्र बिघडतात, नंतर ते दुरुस्त करत बसावं लागतं. रंगीत कॅमेरा असेल तर साधा अतिनील-अवरक्त रोधक फिल्टर लावा आणि उरलेले पैसे माउंटवर घाला. डीएसएलआरमध्ये तो आतच बसवलेला असतो.

दोन अपवाद सांगायला हवेत. पहिला असा की एम ८२ च्या मध्यातून बाहेर फेकले जाणारे लाल तंतू आणि एम ३३ मधला एनजीसी ६०४ हा तेजोमेघ, ही खरी हायड्रोजन-अल्फाची ठिकाणं. साध्या फोटोवर वेगळे तीन-चार तास हायड्रोजन-अल्फाचे घेऊन ते लाल थरात मिसळले, तर चित्र उठून दिसतं. दुसरा अपवाद कृष्णधवल कॅमेरा असणाऱ्यांसाठी. पांढरे एलईडी ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे जवळजवळ काही देत नाहीत, पण दीर्घिकेतले जुने तारे तिथे भरपूर प्रकाश देतात. त्यामुळे ६८५ नॅनोमीटरच्या पुढचंच आत सोडणारा अवरक्त फिल्टर एम १०४, एम ८१ अशा दीर्घिकांचा गाभा आणि धुळीचे पट्टे चांगले दाखवतो. सेन्सरची संवेदनशीलता तिथे निम्म्याच्या आसपास येते, म्हणून वेळ जास्त लागतो. भिंगाची दुर्बीण असेल तर फोकस सरकतो, तो पुन्हा करावा लागतो. रंग यातून मिळत नाही, मिळतो तो तपशील.

प्रश्न: एक्स्पोजर किती सेकंदांचं ठेवावं? काही जण पाच मिनिटांचं सांगतात. आमच्याकडे पाच मिनिटांत फोटो पांढराफटक होतो. आणि एकूण किती तास पुरतात? (कल्याण)

उत्तर: पाच मिनिटांचा सल्ला काळोख्या जागेचा आहे. प्रत्येक फोटो वाचताना कॅमेरा स्वतःचा थोडा गोंगाट घालतो, त्याला रीड नॉइज म्हणतात. आकाशाच्या प्रकाशामुळे येणारा गोंगाट त्याच्यापेक्षा बराच मोठा झाला, की एक्स्पोजर लांबवून काही पदरात पडत नाही. हिशेब सोपा आहे: रीड नॉइजचा वर्ग करा, त्याला दहाने गुणा, आणि एका फोटोत एका पिक्सेलवर आकाशाचे निदान तेवढे इलेक्ट्रॉन (फोटॉन पडल्यावर सेन्सरमध्ये सुटतात ते) जमू द्या. रीड नॉइज १.५ असेल तर २३ इलेक्ट्रॉन, ३ असेल तर ९०. समजा तुमच्या आकाशातून सेकंदाला १० इलेक्ट्रॉन येतात. पहिल्या कॅमेऱ्याला अडीच सेकंद पुरतात, दुसऱ्याला ९. म्हणजे एफ/५ च्या दुर्बिणीवर ३० सेकंदसुद्धा पुरून उरतात.

व्यवहारात ३० ते ६० सेकंद ठेवा. कॅमेऱ्याच्या हिस्टोग्राममधला (किती पिक्सेल किती उजळ, हे दाखवणाऱ्या आलेखातला) उंचवटा डाव्या कडेपासून सुटलेला आणि एक तृतीयांशाच्या आत असला की झालं. त्याहून उजवीकडे नेलं तर ताऱ्यांचे आणि दीर्घिकेच्या गाभ्याचे रंग जळतात, ते परत मिळत नाहीत. अगदी लहान एक्स्पोजरची अडचण वेगळीच, ती म्हणजे फायलींचा ढीग. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक फाइल ५२ एमबीची. ३० सेकंदांचे आठ तास म्हणजे ९६० फायली, जवळजवळ ५० जीबी. ६० सेकंद ठेवले तर निम्म्या.

एकूण तासांचा हिशेब त्या एक टक्क्यावरून लावू. पिक्सेलवर आकाशाचे १०,००० इलेक्ट्रॉन जमले, तर त्यांचा गोंगाट त्याचं वर्गमूळ, म्हणजे १००. बाहूचे इलेक्ट्रॉनही एक टक्का म्हणजे १००च. खूण (म्हणजे बाहूचा प्रकाश) आणि गोंगाट बरोबरीत, डोळ्याला काही दिसणार नाही. खूण पाचपट वर यायला हवी असेल तर आकाशाचे अडीच लाख इलेक्ट्रॉन लागतात. सेकंदाला १० च्या वेगाने २५,००० सेकंद, जवळजवळ सात तास. पाच तासांत एम १०१ चे बाहू का आले नाहीत, याचं उत्तरही यातच आहे. एम ८२ किंवा एम १०४ साठी दोन ते चार तास पुरतात. ते एकाच रात्री व्हायला हवेत असं नाही, तीन-चार रात्रींचे फोटो एकत्र रचता येतात. बाहू रुंद असतात, त्यामुळे शेवटी चार पिक्सेलांचा एक केला तर खूण गोंगाटाच्या तुलनेत दुप्पट वर येते, फुकटात.

एक सवय मात्र पहिल्या रात्रीपासून लावा. दर दोन-तीन फोटोंनंतर दुर्बीण पाच-दहा पिक्सेल इकडेतिकडे सरकवायची, याला डिदरिंग म्हणतात. गायडिंगसाठी, म्हणजे माउंटला एका ताऱ्यावर धरून ठेवण्यासाठी, पीएचडी२ हे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर फोटो घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिदरिंग सुरू केलं की ते हे काम करून देतं. हे केलं नाही तर शेकडो फोटो रचल्यावर पावसाच्या तिरक्या सरींसारख्या रेघा उमटतात. त्या आकाशाच्या नसून सेन्सरच्या ठरावीक डागांच्या असतात, आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने त्या नीट जात नाहीत.

प्रश्न: अनेक फोटो रचून केलेला फोटो ताणला (म्हणजे मंद भाग उजळवला) की मधोमध उजळ घुमट दिसतो, कडा काळ्या, चार-पाच गोल वर्तुळं आणि एका कोपऱ्यातून नारिंगी छटा. दीर्घिका त्यात हरवते. सॉफ्टवेअरने काढायला गेलं तर दीर्घिकेचे बाहूही जातात. (ठाणे)

उत्तर: यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

घुमट आणि वर्तुळं दुर्बिणीची आहेत. कडेला प्रकाश कमी पोचतो म्हणून घुमट दिसतो. सेन्सरच्या काचेवर धुळीचा कण असेल तर त्याची सावली वर्तुळासारखी पडते. अशी सावली आकाशाचा प्रकाश सहज दोन टक्क्यांनी कमी करते, आणि आपण शोधतोय तो बाहू एक टक्क्याचा! काळोख्या जागी पार्श्वभूमीच कमी असते, तिथे ही सावली खपून जाते. शहरात ती दीर्घिकेपेक्षा ठळक होऊन बसते. म्हणून गच्चीवरून काम करणाऱ्याने फ्लॅट फोटो (एकसारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो, ज्यांच्या आधारे घुमट आणि सावल्या काढून टाकता येतात) कधीही टाळू नयेत. जागेवर आणि महागड्या फिल्टरवर इतकी चर्चा होते, पण उपनगरातले बहुतेक फोटो फ्लॅट नसल्यामुळे वाया जातात.

फ्लॅट असे घ्या. काम संपल्यावर कॅमेरा न काढता, न फिरवता आणि फोकसला हात न लावता दुर्बीण सरळ वर करा. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचे दोन थर तोंडावर ताणून रबरबँडने बसवा, सुरकुती राहू देऊ नका. त्यावर टॅबलेट ठेवून पूर्ण पांढरा पडदा लावा. एक्स्पोजर असं निवडा की हिस्टोग्रामचा उंचवटा मध्यावर येईल, पण ते एक सेकंदापेक्षा कमी नको. पडद्याचा आणि एलईडी पॅनलचा प्रकाश डोळ्यांना कळत नसला तरी लुकलुकत असतो. लहान एक्स्पोजरमध्ये त्याचे आडवे पट्टे येतात. प्रकाश जास्त झाला तर कापडाचा आणखी एक थर वाढवा. असे ३० फोटो घ्या. मग दुर्बिणीचं झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचे आणखी ३०, हे डार्क-फ्लॅट. हे विसरलात तर फ्लॅट कमी दुरुस्ती करतो आणि घुमट थोडा उरतो. घुमट उलटला, म्हणजे मध्ये काळं आणि कडेला उजळ दिसलं, तर मूळ फोटोंतून डार्क (झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचे घेतलेले फोटो) वजा करायचे राहिलेत किंवा बाजूने उजेड आत शिरतोय, या दोन शक्यता आधी तपासा. गच्चीच्या लिफ्टरूमचा दिवा, शेजारच्या इमारतीचा फ्लडलाइट आरशाच्या दुर्बिणीत मागच्या बाजूनेही घुसतो. काळ्या जाड कागदाची नळी पुढे लावा, तिची लांबी दुर्बिणीच्या व्यासाच्या दीडपट तरी हवी. मागे काळं कापड बांधा. डीएसएलआरची बघायची खिडकीही चिकटपट्टीने झाका.

नारिंगी छटा मात्र खरोखर आकाशातच आहे. शहराचा प्रकाश क्षितिजाकडे जास्त आणि वर कमी, असा उतार तिथे असतो. तो सॉफ्टवेअरने काढायचा, पण क्रम पाळून. आधी रचलेल्या फोटोच्या फाटक्या कडा कापा, मग उतार काढा, नंतर रंग जुळवा आणि अगदी शेवटी ताणा. ताणल्यावर उतार काढायला गेलात तर तो सरळ राहिलेला नसतो. सिरिल आणि ग्रॅक्सपर्ट दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही हे काम चांगलं करतात. बाहू जातात याचं कारण असं की सॉफ्टवेअर आकाशाची पार्श्वभूमी जिथे मोजतं ते नमुन्याचे ठिपके दीर्घिकेवर पडलेले असतात. आपोआप पडलेले ठिपके तपासा आणि दीर्घिका दिसते त्याच्या दुप्पट घेरातले हाताने पुसा. सुरुवातीला पहिल्या घाताचा साधा सरळ उतारच वापरा. चौथ्या घाताचा लवचीक पृष्ठभाग लावला की सॉफ्टवेअर बाहूंनाही प्रकाशप्रदूषण समजून काढून टाकतं.

आणि विमानं. ठाण्यावरून, घाटकोपरवरून जाणाऱ्या विमानांच्या रेघा असलेले फोटो फेकू नका. रचताना विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग (बाकीच्या फोटोंपेक्षा फार वेगळे पिक्सेल वगळण्याची पद्धत) निवडा, तीसच्या वर फोटो असले की रेघा निघून जातात. ढग आलेले किंवा तारे लांबट झालेले फोटो मात्र निवडून काढा.

प्रश्न: माझ्याकडे १८-५५ आणि ५० मिमी एफ/१.८ भिंगाचा डीएसएलआर आणि साधा ट्रायपॉड आहे. माउंट घेणं सध्या शक्य नाही. देवयानी दीर्घिका येईल का? (विरार)

उत्तर: येईल, आणि ती पहिल्यांदा उमटताना बघायला नोव्हेंबरइतका चांगला महिना नाही. तेव्हा रात्री नऊच्या सुमारास ती ६८ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असते. ५० मिमीचं भिंग वापरा, १८-५५ नको. छिद्र एफ/२.८ वर आणा, पूर्ण उघडलं तर कडेचे तारे पाखरासारखे पसरतात. आयएसओ १६०० आणि एक्स्पोजर ३ सेकंद. देवयानीच्या भागातले तारे सेकंदाला सुमारे ११ आर्कसेकंद सरकतात आणि या भिंगाने २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १५ आर्कसेकंदांचा पडतो. तीन सेकंदांत दोन-सव्वादोन पिक्सेलांची रेघ येते, ती चालून जाते.

ऑटोफोकस बंद करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा दहापट मोठा करून हाताने फोकस करा आणि कडं चिकटपट्टीने बांधा. भिंगावरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. भिंगात स्टॅबिलायझर असेल तर तो बंद, आणि कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद. ते चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो.

शोधायची कशी? शर्मिष्ठेचा इंग्रजी डब्ल्यू आणि महाश्वाचा चौकोन यांच्यामध्ये. विरारच्या आकाशात वाटेतले मंद तारे दिसले नाहीत, तर कॅमेरा त्या दिशेने करून १० सेकंदांचा एक फोटो घ्या. पडद्यावर एक लांबट, धूसर ठिपका सापडेल, ताऱ्यासारखा टोकदार नसलेला. तो मध्ये आणा. इंटरव्हलोमीटरने ६० फोटो, मग चौकट पुन्हा जुळवा, पण दर वेळी थोडी वेगळ्या जागी, म्हणजे डिदरिंगही होतं. असे ६०० फोटो म्हणजे ३० मिनिटांचा प्रकाश. अखेरीस झाकण लावून त्याच आयएसओ आणि एक्स्पोजरचे ३० डार्क, आणि वर सांगितल्याप्रमाणे फ्लॅट. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलमध्ये रचा. तेजस्वी गाभा आणि साधारण एक अंशाची अंडाकृती मिळेल, एम ११० ही सोबतीण बहुधा तिच्याजवळ उमटेल. यादीत लिहिलेले तीन अंश इथून दिसणार नाहीत. पण २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश विरारच्या गच्चीवर ५० मिमीच्या भिंगातून येतो, हे काही थोडं नाही.

प्रश्न: सीस्टार एस५० या छोट्या स्वयंचलित दुर्बिणीने सिंह राशीतल्या तीन दीर्घिका (एम ६५, एम ६६, एनजीसी ३६२८) घेताना रात्री अकराच्या सुमारास बरेचसे फोटो नाकारले जातात. (बोरिवली)

उत्तर: एप्रिलमध्ये त्या वेळी हे त्रिकूट मुंबईहून ८४ अंशांवर असतं. तुमची दुर्बीण आडवी आणि उभी अशा दोन अक्षांवर फिरते. लक्ष्य डोक्यावर आलं की आडव्या अक्षाला फार वेगाने वळावं लागतं, ते जमत नाही आणि तारे लांबट होतात. त्यामुळे लक्ष्य माथ्यावर येण्याच्या दीड-दोन तास आधी थांबा आणि तेवढ्याच अंतराने पुन्हा सुरू करा. मधल्या वेळात एम ८१-८२ घ्या. आतला प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर दीर्घिकांसाठी बंद ठेवा, तो नॅरोबँडच आहे. विषुववृत्तीय पद्धतीने (अक्ष ध्रुवाकडे कलवून) वापरत असाल तर माथ्याची अडचण उरत नाही.

प्रश्न: गच्ची वापरायला सोसायटीची परवानगी नाही. सातव्या मजल्यावर दक्षिणेकडे उघडणारी गॅलरी आहे, वर स्लॅब. ध्रुव तारा दिसतच नाही, मग माउंट ध्रुवाकडे लावायचं कसं? (चेंबूर)

उत्तर: दक्षिणेची गॅलरी मिळाली हे चांगलंच आहे. मुंबईचा अक्षांश १९ असल्यामुळे, दक्षिणेला ओलांडणारी वस्तू किती वर येईल ते काढायला ७१ मध्ये तिची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश, तो आकडा) मिळवायची, ऋण असेल तर वजा. एनजीसी २५३ ची क्रांती उणे २५, ती ४६ अंशांवर येते. एम ८३ उणे ३०, म्हणजे ४१. नरतुरंगातली एनजीसी ५१२८ उणे ४३, तरी २८ अंशांवर येते. ही युरोपातल्या बहुतेक छायाचित्रकारांना मिळतच नाही. ट्रायपॉड ठेवायच्या जागी फोनमधलं उतारमापक धरून स्लॅबची कड किती अंशांवर येते ते एकदा मोजा. ५९ अंशांवरची एम १०४ मिळेल की नाही, ते तिथेच कळेल.

दिशेसाठी फोनच्या होकायंत्रावर भरवसा नको. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे तो दहा-पंधरा अंश सहज चुकतो. त्याऐवजी सूर्य वापरा. गॅलरीच्या कठड्यावर ओळंबा लोंबकळता ठेवा. मुंबईचा खरा मध्यान्ह १२ वाजता होत नाही, सरासरी १२.३८ ला होतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला १२.५३ च्या सुमारास. त्या क्षणी दोरीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. लादीवर तिची रेघ आखून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य खाली असतो, तेव्हा स्लॅब आड येत नाही. माउंट त्या रेघेवर ठेवा, उंचीचा स्क्रू १९ अंशांवर आणा. पुढची बारीक जुळणी नीना या मोफत सॉफ्टवेअरच्या तीन बिंदूंच्या पद्धतीने करा. ती आकाशाच्या तीन ठिकाणचे फोटो घेऊन तारे ओळखते आणि अक्ष किती चुकलाय ते सांगते, ध्रुव दिसण्याची गरज नसते. चूक दोन-तीन आर्कमिनिटांच्या आत आली की पुरे.

१९ अंशांवर अक्ष जवळजवळ आडवा होतो. त्यामुळे वजनाचा दांडा सरळ खाली असताना तो उत्तरेकडे झुकतो आणि वजन ट्रायपॉडच्या पायाला थटू शकतं. हाताने एकदा फिरवून बघा, लागत असेल तर दोन पायांमधली जागा उत्तरेला करा. गॅलरीच्या खाली एसीचं बाहेरचं युनिट असेल तर त्याच्या गरम हवेच्या झोतातून फोटो घेऊ नका, तारे फुगतात. घरात वॉशिंग मशीन सुरू असेल तर लादी हलते, ते काम आधी उरकून घ्या.

प्रश्न: थंड होणारा कॅमेरा मे महिन्यात उणे १० अंशांपर्यंत जातच नाही आणि फोटोच्या मध्यावर धूसर डाग येतो. पावसाळ्यात सामानाला बुरशी लागण्याचीही भीती वाटते. (नवी मुंबई)

उत्तर: असे कॅमेरे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ३० ते ३५ अंशच खाली जातात. रात्री ३० अंश असताना उणे १० मागितलं, तर पंखा आणि विजेचा पुरवठा पूर्ण ताणावर जातो आणि तापमान डळमळतं. वर्षभर शून्य अंश ठेवा. शहराच्या आकाशाचा गोंगाट एवढा मोठा आहे की शून्य आणि उणे १० मधला फरक त्यात दिसणार नाही. एकच तापमान ठेवलं की डार्क फोटोंचा एकच संच बारा महिने चालतो.

मधला डाग हा सेन्सरसमोरच्या काचेवर साचलेल्या बाष्पाचा. कॅमेऱ्यातल्या शोषक गोळ्या ओल्या झाल्यात, त्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे सुकवा किंवा बदला. थंड करताना एकदम न करता पाच-दहा मिनिटं घेऊन हळूहळू उतरवा. काचेला हीटर असेल तर तो सुरू ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी गच्चीवर दुर्बिणीच्या भिंगावरही दव पडतं, त्यासाठी १२ व्होल्टची गरम पट्टी भिंगाच्या थोडी मागे गुंडाळा. दव पडल्यावर लावून उपयोग कमी, सुरुवातीपासून लावा. भिंग पुसू नका, खाऱ्या हवेतले कण त्याला चरे पाडतात.

पावसाळ्यासाठी रबरी कडेचा हवाबंद डबा, आत अर्धा किलो रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. जेलचा रंग बदलला की ती कढईत मंद आचेवर परतून मूळ रंगावर आणा, पण त्या कढईत पुन्हा स्वयंपाक करू नका. दुर्बीण कापडी पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवू नका, कापड ओल धरून ठेवतं. माउंटच्या उघड्या स्क्रूंना मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. आणि जून-जुलैच्या एखाद्या रात्री कॅमेरा झाकण लावून कपाटात ठेवा, शून्य अंशांवर ६० सेकंदांचे ५० डार्क घ्या. ऑक्टोबरमध्ये आकाश उघडेल तेव्हा तो वेळ दीर्घिकेला देता येईल.